करजखेड्यातला निळा ठिपका

तिसऱ्या शनिवारीही निळा ठिपका करजखेड्याच्या शिवारात जाऊन थांबला, आणि रमाबाई मोहरिलांच्या तव्यावरची पोळी करपली.

ठिपका म्हणजे त्यांची मुलगी जुईली. एकुलती एक, अकोल्याला नोकरीला. ती जिथे असेल तिथे फोनच्या नकाशावर एक निळा ठिपका दिसायचा, आणि गेलं वर्षभर तो ठिपका रमाबाईंच्या जिवाला मोठा आधार होता. सकाळी खोलीवर, मग ऑफिसात, संध्याकाळी मेसवर, परत खोलीवर. इतका शहाणा ठिपका कुणाच्या मुलीचा नसेल. पण होळीच्या सुमाराला त्याला काय झालं कुणास ठाऊक. शनिवार उजाडला की तो अकोला सोडायचा, मूर्तिजापूर मागे टाकायचा, बडनेऱ्यापर्यंत यायचा. पोरगी घरी येते आहे म्हणून रमाबाई इकडे एक वाटी तांदूळ जास्तीचे धुवायला घ्यायच्या. आणि ठिपका बाहेरच्या रस्त्यानं अमरावतीला वळसा घालून, आईच्या घराकडे ढुंकूनही न बघता, तिवस्याच्या दिशेनं निघून जायचा. पुढे कुठेतरी आत वळायचा आणि एका वावरात थांबायचा. ऊन उतरेपर्यंत तिथेच. मग आल्या वाटेनं परत अकोला.

रविवारी फोनवर जुईली सांगायची, "काही नाही गं आई, काल झोपून काढला दिवस."

पाल दिसली की जी पलंगावर चढून बसायची, ती पोरगी चैत्राच्या उन्हात एका वावरात दिवसभर काय करते? आणि ते आईपासून लपवते का? रमाबाई कणीक मळताना, टीव्हीसमोर बसताना, देवासमोर वात लावताना हाच विचार करत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना वेगळं आणि आधीपेक्षा वाईट उत्तर सुचत होतं.

जुईली लहानपणापासूनच उंचावरून बघणारी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर तिची बैठक. खाली खेळायला ये म्हटलं तर म्हणायची, "इथून सगळं दिसतं." गल्लीत लपाछपी सुरू झाली की कोण कुठे दडलंय हे ती वरून ओरडून सांगे, त्यामुळे तिला कुठल्याच बाजूनं कधी खेळायला घेतलं नाही. पोरगी टाकीवरून पडेल अशी धास्ती रमाबाईंना सात-आठ वर्षं पुरली. पोरगी पडली नाही, एम.एस्सी. झाली. मग नागपूरला उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन ओळखायचा कोर्स केला आणि अकोल्याच्या एका कंपनीत लागली. टाकीवरच बसली म्हणायची. टाकी तेवढी आणखी उंच गेली.

काम मोठं गमतीचं. परदेशात कपडे विकणाऱ्या बड्या लोकांना हल्ली कापूस नुसता पांढरा असून भागत नाही, तो सज्जनही लागतो. ज्या वावरात तो पिकला तिथली वेचणीनंतर उरलेली पऱ्हाटीची धाटं जाळली नाहीत ना, बांधाधुऱ्यावरची झाडं तोडली नाहीत ना, नाल्याचा काठ नांगरला नाही ना, गावाच्या गुरांसाठी राखलेली ई-क्लासची जमीन कुणी हळूच आपल्या वावरात ओढली नाही ना, याची त्यांना खात्री हवी असते. इतक्या लांब येऊन, चिखल तुडवून ते बघणार थोडेच? म्हणून उपग्रह वावर बघतो, उपग्रहानं काढलेला फोटो जुईली बघते, आणि जुईलीनं काय म्हटलं ते तिकडचं कुणीतरी बघतं. थोड्या थोड्या दिवसांनी वऱ्हाडाचा नवा फोटो येतो, गोधडीसारखा तुकड्या-तुकड्यांचा. जुईली थंडगार खोलीत खुर्चीवर मांडी घालून बसते आणि एकेका तुकड्याला शेरा देते. हिरवा शेरा म्हणजे ठीक. लाल शेरा म्हणजे ते वावर ज्या गटात असेल तो गावचा सगळा गट वर्षभरासाठी कार्यक्रमाबाहेर, म्हणजे त्यांचा कापूस त्या बड्या लोकांकडे जायचा बंद.

तिचे वडील गोपाळकृष्ण पेशानं वकील, त्यामुळे थोडक्यात सांगणं त्यांना जमत नसे. पण मुलीच्या बाबतीत त्यांनी ते जमवलं होतं.

"मुलगी काय करते?" कुणी विचारलं की म्हणायचे, "उपग्रहावर असते."

कॉलनीनं त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. महिन्याभरात जुईली इस्रोत लागल्याचं पक्कं झालं. बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं तर काळजीनं विचारलं, "रॉकेट सोडायला रात्रपाळी करावी लागते का हो?" गोपाळकृष्णांनी गैरसमज दूर केला नाही, उलट भर घातली, "रात्रपाळी नाही. पण वऱ्हाडातला एक धुरा तिच्या नजरेतून सुटत नाही. चूक म्हणून होत नाही तिची."

अकोल्याला जाताना रमाबाईंनी एकच अट घातली होती, ठिपक्याची. जुईली हसली होती. "मी लोकांची वावरं बघणार आणि तू मला बघणार?"

"रोज कशाला बघतेय मी? अडीनडीला असावं म्हणून."

"फक्त अडीनडीला?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

मग जुईलीनं दोघींचे फोन शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर काय काय दाबलं आणि आईचा फोन परत दिला. तेव्हापासून वर्षभर रमाबाईंना रोज अडीनडी येत होती. म्हणूनच आता फोन करून सरळ विचारायची सोय उरली नव्हती. विचारलं असतं तर शपथ उघडी पडली असती.

पण रमाबाई बी.एस्सी. होत्या, वनस्पतिशास्त्र घेऊन. सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा काप बघितलेली बाई एका वावराला काय हार जाणार? त्यांनी नकाशावर उपग्रहाचं चित्र लावलं, दोन बोटांनी ताणताणून मोठं केलं आणि निरीक्षण सुरू केलं. एक वावर. धुऱ्यावर बाभळी. पत्र्याची शेड. एक विहीर, कठडा दिसत नाही. आणि शेडपाशी काहीतरी लांबट, पांढरं, चकचकीत.

"अहो, ही गाडीच आहे ना?"

गोपाळकृष्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोन हातभर लांब धरला. "असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे गाडी असेल. गायही असेल."

"एवढी मोठी गाय?"

"मग दोन गायी. रमा, हा फोटो मी कोर्टात दाखवला तर आधी विचारतील, कधीचा आहे? काढला कुणी? साक्षीदार कोण?"

"आपली मुलगी आहे ती. खटला नाही."

"मग तिलाच विचार."

"विचारलं तर तिला कळेल ना मी बघते ते!"

"अजब आहे," गोपाळकृष्ण पेपरकडे वळत म्हणाले, "आरोपी निवांत आणि फिर्यादीच जामीन शोधतेय."

पांढरी गाडी मग रमाबाईंच्या डोक्यात शिरली ती निघेना. एवढ्या मोठ्या गाड्या कोण फिरवतं? जमिनीचे दलाल. पुढारी. पुढाऱ्यांची मुलं. एका दुपारी गाडीचा मालक विवाहित निघाला, दुसऱ्या दुपारी त्याला दोन मुलं झाली. तिसऱ्या दुपारी रमाबाईंनी मनोजला फोन लावला.

मनोज त्यांचा मावसभाऊ, त्याच कंपनीच्या अमरावतीच्या कार्यालयातला मोठा साहेब. त्याचा आवाज नेहमी नुकताच जेवून उठल्यासारखा.

"रमाताई, एवढंच ना? इथे माझ्याकडे जागा आहे. टेबलाचं काम. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. बाहेर फिरणं बंद."

"अगदी बंद?"

"एकदम. तिची तिकडची चालू प्रकरणं जशी आहेत तशी मिटवून टाकू. रविवार संध्याकाळपर्यंत तुम्ही हो म्हणा, सोमवारी आदेश काढतो. आणि तुम्ही सांगितलं हे तिला कळणार नाही. वरून आलं म्हणून सांगू."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून हो ताई. त्याच्या वर कुणी विचारत नाही."

रमाबाईंना एकदम हलकं वाटलं. पोरगी घरी येणार, ठिपका घरातच राहणार, म्हणजे बघायलाही नको. हो म्हणायचंच होतं. पण म्हणायच्या आधी ती पांढरी गाडी एकदा डोळ्यांनी बघून घ्यावी, म्हणजे मनाला टोचणी राहणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात तिसरा शनिवार उजाडला, ठिपका अमरावतीला वळसा घालून गेला, पोळी करपली. रमाबाईंनी गॅस बंद केला आणि साडी बदलली.

"साक्षीदार म्हणून निघालीस की पोलीस म्हणून?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"करपलेली पोळी काढून टाका आणि बाकीच्या खा," एवढं बोलून त्या स्टँडवर गेल्या.

एसटीनं त्यांना फाट्यावर उतरवलं. तिथे एक ऑटो उभा होता, ऑटोवाला मागच्या सीटवर पाय पसरून पडलेला.

"कोनाच्या घरी जायचं, बाई?"

रमाबाईंना नाव माहीत नव्हतं. त्यांनी फोन पुढे केला. "इथे. या ठिपक्यापाशी."

ऑटोवाल्यानं फोन उलटसुलट करून पाहिला. "हे तं आशाबाईचं वावर दिसते. तुमी कंपनीच्या मॅडम का?"

नाही म्हटलं असतं तर मग कोण, हे सांगावं लागलं असतं. रमाबाई म्हणाल्या, "हो."

"मंग तुमच्या उपग्रहाले सांगा बापा, माह्या ऑटोवर नजर नोको ठेवू. चार सीटची परवानगी हाय, अन् मी आठ घेऊन राह्यलो, हे त्याले वरून दिसत असन."

"टप आहे ना वर," रमाबाई नकळत बोलून गेल्या.

"हे बी खरं हाय," ऑटोवाला खूश झाला आणि वाटेत आणखी तीन माणसं घेतली.

वावर चित्रातल्यासारखंच होतं. बाभळी होत्या, शेड होती, विहिरीला कठडाही होता. पांढरी गाडी नव्हती. शेडसमोर बाजेवर एक गृहस्थ बसले होते, गुळगुळीत दाढी केलेले, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर स्वच्छ टोपी. वावरात नव्हे, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे. हे रामराव. त्यांच्यामागून हात पुसत त्यांच्या पत्नी आशाबाई आल्या, ठेंगण्या, बोलण्याच्या आधी कमरेवर हात ठेवणाऱ्या.

"कंपनीच्या मॅडम हायेत," ऑटोवाल्यानं जाता जाता ओळख करून दिली.

"या. बसा न. काहून उभ्या राह्यल्या?" आशाबाईंनी बाजेवरची धूळ पदरानं झटकली. "आता तुमाले बी काही जळलेलं दिसलं का वरून?"

"नाही, नाही. मी आपली सहज. पाहायला."

"सारे सहजच पाहाले येतात. थे पयली बी सहजच आलती."

"पहिली कोण?" रमाबाईंनी शक्य तितक्या परक्या आवाजात विचारलं.

"जुईली मॅडम. मॅडम कायची, लेकरूच हाय. तिनंच तं आमाले जाळून टाकलं."

रमाबाई बाजेवर बसल्या. आशाबाईंनी आत जाऊन चहा टाकला आणि तिथूनच, आवाज चढवून, सगळं सांगितलं.

त्या करजखेड्याच्या गटाच्या प्रमुख. घरोघरी जाऊन, बायांना समजावून, गावाला त्यांनीच कंपनीच्या कार्यक्रमात आणलं होतं. पऱ्हाटी जाळायची नाही, चुलीला वापरायची, उरलेली कुजवायची, हे गावाला त्यांनी शिकवलं. आणि शेवटी लाल शेरा लागला तो त्यांच्याच वावराला.

"आमच्या वावरात काठेवाडी बसले होते मॅडम. मेंढरंवाले. दर सालीच येतात. त्यायच्या मेंढ्या वावरात बसवल्या का जमिनीले खत भेटते. पऱ्हाटी आमी आदीच उपटून धुऱ्यावर रचून ठेवलती. मेंढ्यायनं खाली पडलेलं पान न् पान खाल्लं. त्या उठल्या अन् दुसऱ्या दिवशी यायनं नांगर घातला, लेंड्या मातीत दाबाले. काळी माती वर आली. अन् त्याच दिवशी तुमचा थो उपग्रह वरून गेला. काल हिरवं-पिवळं होतं, आज काळं ठिक्कर. त्याले वाटलं, पेटवलं बाईनं!"

"एक दिवस आदी याले पायजे होतं त्यानं," रामराव गंभीरपणे म्हणाले. "मेंढ्या तरी मोजता आल्या असत्या त्याले."

"अन् थो चंद्रभान!" आशाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "थ्या तिकडच्या वावराचा, दुसऱ्या गटातला. त्यानं अख्खी पऱ्हाटी पेटवली. बाजूच्या आंब्याचा मोहोर होरपळला, अर्ध्या गावाच्या डोयात धूर. पन त्या दिवशी अवकाळीचं आभाळ होतं. उपग्रहाले निस्तं आभाळच दिसलं. त्याले हिरवा शेरा! अन् कंपनीच्या सभेत शाल देल्ली त्याले, नारळ देल्ला. भाषन केलं त्यानं. मने, जमीन आपली माय हाय."

"चांगलं बोलला," रामरावांनी मान डोलावली. "मले रडू आलं."

"तुमाले कायनंही रडू येते. अन् मॅडम, हे पाहा कसे बसले हायेत! शेरा लागला तवापासून रोज दाढी करून वावरात येतात. वरून कोनी पाह्यते म्हनून."

"दिसतं तं नीट दिसलं पायजे," रामराव म्हणाले.

रमाबाईंनी चहाचा घोट घेतला. पाकच होता तो. त्यांनी कप खाली ठेवला, मग उचलला, मग विचारलं, "तुम्ही त्या मुलीला सांगितलं नाही, तिची चूक झाली म्हणून?"

"सांगतलं न! म्याच आरडाओरडा केला फोनवर, तवा तं आली. अन् आली तं मी लय बोलली तिले. मनलं, तिकडं गार खोलीत बसता अन् आमचं घर जाळता. ह्या शेऱ्यापायी गावातल्या बाया माह्याशी बोलत नाही, हळदीकुंकवाले कोनी बोलावत नाही. आशाबाईनं आमाले शिकवलं अन् स्वतः पेटवलं, मनतात. मले वाटलं, आता रडन नाहीतं साहेबाचं नाव सांगन. तिनं काहीच केलं नाही. खाली बसली, एक ढेकूळ उचललं, फोडलं. आत लेंडी निंगाली. हातावर घेऊन पाहात राह्यली, पाहात राह्यली. मने, काकू, हे वरून दिसत नाही. म्या मनलं, मंग खाली येत जा. तवापासून येऊन राह्यली."

पालीला घाबरून पलंगावर चढणारी पोरगी. रमाबाईंनी आपल्या तळहाताकडे बघितलं.

"पण दर शनिवारी कशाला?"

"तुमचाच कायदा हाय न मॅडम, तुमाले ठाऊक नाही? ज्यानं शेरा मारला त्यानंच थो काढाचा. दुसऱ्याले काढता येत नाही. वरून फोटो हाय, मंग खालून त्याच्याहून मोठा पुरावा पायजे. साहेब मनते, सोड, पुढच्या साली पाहू. तं हे सुट्टीच्या दिवशी येते. तिनं मातीच्या पुड्या बांधल्या, धुऱ्यावरच्या पऱ्हाटीचे फोटो काढले. आज काठेवाड्याले शोधाले गेली. थो पुढच्या शिवारात हाय. त्याचं बोलनं फोनमधी भरून घेतलं का झालं, मने. येत्या हप्त्यात शेरा निंगते."

"तेवढ्यात तिची बदली नोको व्हाले," रामराव म्हणाले. "आमचा तलाठी असाच. जरा आमचं ऐकून घ्याले लागला अन् गेला. समजदार मानूस भेटला का वरून आदेश येतेच."

"वरून म्हणजे कुठून?" रमाबाईंच्या तोंडून निघालं.

"आता थे कोनाले ठाऊक, मॅडम? वरून म्हनजे वरून."

रमाबाईंना ठाऊक होतं. वरून म्हणजे अमरावतीच्या एका स्वयंपाकघरातून, कणकेच्या हातानं. मनोजनं म्हटलं होतं, चालू प्रकरणं जशी आहेत तशी मिटवू, आणि त्यांना ते केवढं सोयीचं वाटलं होतं! जशी आहेत तशी म्हणजे हे वावर लाल, चंद्रभानच्या खांद्यावर शाल, आणि ही बाई गावात तोंड लपवत. आणि जुईली टेबलाशी, आयुष्यभर हेच डोक्यात घेऊन.

"घर अमरावतीलेच हाय तिचं," आशाबाई सांगत होत्या. "म्या इचारलं, इतक्या जवळून जातं तं मायले भेटून काहून येत नाही? मने, आई घाबरते. कळलं तं येऊच देनार नाही. अन् बाबानं सगळ्याले सांगून ठेवलं, मने, का माही चूक होत नाही. आता त्यायले काय सांगू?" त्यांनी सुस्कारा सोडला. "कसे असतात एकेक मायबाप! लेकरू उन्हात करपून राह्यलं अन् यायले पत्ता नाही."

"असेल पत्ता," रमाबाई क्षीणपणे म्हणाल्या.

"काय असन, घंटा! पत्ता असता तं एक दिवस डबा घेऊन आली नसती का माय?"

रमाबाईंनी स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि विषय बदलला. "इथे शेडपाशी एक मोठी पांढरी गाडी असते ना?"

"गाडी? आमच्याकडं?" आशाबाई रामरावांकडे पाहून हसू लागल्या. "कोनत्या फोटोत पाह्यली?"

रमाबाईंनी फोन दाखवला. आशाबाईंनी डोळे बारीक केले. "अवो, हा मांडव हाय! पोरीच्या लग्नाचा. दोन साल झाले त्याले. लेकरू झालं तिले!"

रमाबाईंच्या मनातल्या दोन मुलांच्या बापाचा असा मांडवाखाली निकाल लागला. त्याच वेळी रामरावांनी बाजेवरून हात लांब करून दाखवला. "थे पाहा. तिथं उभी हाय."

बाभळीपलीकडे, दोन वावरं सोडून, मेंढरांचा एक मळकट पुंजका हलत होता. त्याच्या कडेला फेटेवाला एक उंच माणूस, आणि त्याच्यापुढे हात लांब करून, फोन धरून, कुणीतरी उभं. डोक्याला रुमाल. ओढणी निळी. इतक्या लांबून ती ठिपक्याएवढीच दिसत होती. पण हा ठिपका मान वाकडी करून ऐकत होता, मध्येच हसत होता, एक कोकरू पायात आलं तर त्याला गुडघ्यानं हळूच बाजूला सारत होता. फोनमधल्या ठिपक्यानं वर्षभरात असलं काही केलेलं रमाबाईंना आठवत नव्हतं.

त्या उठल्या. "मी निघते."

"अन् तिले भेटत नाही?"

"नको. काम चाललंय तिचं. मी आले होते हे तिला सांगू नका."

"हे बी लपवाचं?" आशाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कंपनीच्या बाया मोठ्या इचित्र बाप्पा." मग त्या रमाबाईंच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या, आणि पुढचं काहीतरी बोलायचं त्यांनी गिळलं. उरलेला चहा मात्र पिऊन घ्यायला लावला.

फाट्यावर एसटीची वाट बघताना रमाबाईंनी सवयीनं फोन काढला. ठिपका आता आशाबाईंच्या शेडपाशी आला होता. त्यांनी पटकन नकाशा बंद केला. तेवढ्यात फोन थरथरला. जुईलीचा निरोप.

"आई, आशाकाकूंचा चहा फार गोड असतो ना? मी पण अर्धाच पिते."

रमाबाईंनी तो तीनदा वाचला. काकूंनी सांगितलं असेल? पाठोपाठ दुसरा निरोप आला.

"काकूंना रागावू नकोस. त्यांनी काही सांगितलं नाही. माझ्याही फोनमध्ये दिसतो की तुझा ठिपका. दोन्हीकडून सुरू केलं होतं ना तेव्हा."

दोन्हीकडून. म्हणजे वर्षभर. रमाबाईंना सगळे गुरुवार आठवले. गुरुवारी संध्याकाळी त्या भजनी मंडळात असतात असं घरी, दारी आणि जुईलीलाही सांगितलेलं होतं. पित्तामुळे डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, आणि भजनी मंडळ जिथे भरतं तिथून दह्यातल्या गिला वड्याची गाडी बरीच लांब होती. ठिपका कुठे थांबत होता हे पोरीला दर गुरुवारी दिसत असणार. "भजन कसं झालं गं?" ती विचारायची. "छान झालं," रमाबाई म्हणायच्या. पोरगी पुढे एक शब्द बोलली नव्हती. मावसमामाला फोन लावला नव्हता. आईला टेबलाशी बसवा म्हणाली नव्हती.

एसटी आली. खिडकीची जागा मिळाली. गाडी नांदगाव पेठ ओलांडेपर्यंत रमाबाई फोन मांडीवर पालथा घालून बसून राहिल्या. जुईलीशी बोलायचंच होतं, पण तिच्याशी बोलण्याआधी एक गोष्ट उरकायला हवी होती, नाहीतर तिच्या प्रत्येक साध्या प्रश्नाला पुन्हा भजनच सांगावं लागलं असतं. रविवार संध्याकाळ उद्यावर होती. मनोजनं उत्साहाच्या भरात आदेश आजच टाईप करून ठेवला असला तर? तो विचारणार, ताई, आता काय झालं? अचानक का नको? पोरगी उन्हातान्हात फिरतेय, तुम्हीच तर रडत होता. त्याला काय सांगायचं? मेंढ्यांचं सांगायचं? त्याला हसू येईल. चंद्रभानचं सांगितलं तर शाल मनोजनंच दिली असण्याची शक्यता होती.

शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"चहा जरा गोड झाला," रमाबाई म्हणाल्या.

खडखड करणाऱ्या एसटीत त्यांनी दुसऱ्या कानावर पदर दाबला, म्हणजे नीट ऐकू येईल. मनोजचं नाव शोधलं. तो काय वाटेल ते विचारो, पोरीला तिथून हलवायचं नाही, निदान तो शेरा निघेपर्यंत तरी नाही, एवढं एक वाक्य त्यांनी मनात दोनदा घोकलं, तिसऱ्यांदा त्यातलं "निदान"पासून पुढचं सगळं काढून टाकलं, आणि फोन लावला.